नाव तुमचं, तर उत्तरही तुमचंच

कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनो, त्यांच्या आईवडिलांनो आणि वर्गात शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनो,

एआय आलं आणि मुलं लबाडी करायला लागली, असं कुणी म्हणालं तर त्याला कॉलेजच्या गेटासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन जा. सीनियरचं जर्नल, गेल्या वर्षीचं ब्लॅक बुक, 'प्रोजेक्ट तयार करून मिळतील' अशी पाटी, सगळं तिथे सापडेल. नाव आणि रोल नंबर बदलायचा, की संध्याकाळपर्यंत बाइंडिंगसह प्रोजेक्ट हातात. परीक्षांमधले गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्राने वेगळा कायदा केला तो १९८२ मध्ये. चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. मधली चाळीस वर्षं कॉप्या कोण करत होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आज नाकं मुरडणाऱ्या मोठ्यांपैकी कितीतरी जणांनी स्वतःचं जर्नल मित्राच्या वहीवरून उतरवलेलं आहे.

तरीही फरक पडलाय, आणि तो लहान नाही. पूर्वी उतरवायलाही रात्र घालवावी लागे, त्यात चार ओळी डोक्यात राहत. एकाची चूक सहा जर्नलांत दिसली की मॅडमना लगेच कळे. आता रात्री एक वाजता फोनवर विषय टाकला की मिनिटभरात चार पानं येतात. प्रत्येकाला वेगळी, शुद्धलेखन नीट, पैसे लागत नाहीत. पकडणं अवघड झालंय आणि डोक्यात काहीच राहत नाही. त्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवी रचना आली. बऱ्याच विद्यापीठांत शंभरपैकी तीस-चाळीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, शिवाय फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, असाइनमेंटा, प्रेझेंटेशनं. घरी बसून करायचं काम वाढलं, आणि ते परस्पर करून देणारं यंत्रही त्याच सुमारास खिशात आलं.

म्हणून नियमांची लांबलचक यादी न देता मी आधी एक मूळ गोष्ट सांगतो. कागदावर ज्याचं नाव, त्याला त्या कागदाचं उत्तर देता आलं पाहिजे. असाइनमेंट जमा करण्याआधी ती उलटी ठेवा आणि शेजारच्या मित्राला पाच मिनिटं त्यातलं समजावून सांगा. हा आकडा कुठून आणला, हा मुद्दा आधी का घेतला, या शब्दाचा अर्थ काय, हे त्याने विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं, तर काम तुमचं. मग मदत पुस्तकाची घेतली असो, ताईची असो की एआयची. नाही सांगता आलं, तर ते काम तुमचं नाही; साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने शून्य टक्के दाखवलं तरी नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एस. वाय. बी. ए.ला अर्थशास्त्र घेतलेली एक मुलगी आहे. फील्ड प्रोजेक्टचा विषय, 'आठवडी बाजारातील महिला विक्रेत्यांच्या समस्या'. उद्या शेवटची तारीख. ती एआयला विषय देते. समोर येतं : 'प्रस्तुत अभ्यासासाठी ५० महिला विक्रेत्यांचे सर्वेक्षण करण्यात आले. त्यापैकी ७० टक्के महिलांना भांडवलाची कमतरता भासते, असे आढळून आले.' खाली तक्ता, पाय चार्ट, शेवटी निष्कर्ष आणि शिफारशी. फाईल देखणी होते. व्हायवाला सर विचारतात, "या पन्नास जणी तुला भेटल्या कुठे? बाजार कुठल्या वारी भरतो?" मुलगी गप्प.

आता यातलं दुखणं बघा. त्याच मुलीची आई दर शनिवारी त्याच बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. जागेची पावती कोण फाडतं, आणि कधीकधी पैसे घेऊन पावती का देत नाही, हे आईला माहीत आहे. दुपारी चारनंतर जुडीचा भाव का पाडावा लागतो, कारण घरी नेऊन उद्या ती विकली जाणार नाही, हेही माहीत आहे. भांडवल बँकेतून येत नाही, बचत गटातून किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याच्या उधारीवर येतं. बाजारात बायकांसाठी मुतारी नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी बेतानेच पितात. मुलीने शनिवारी दोन तास आईशेजारी बसून आठ जणींशी बोलून हे टिपून घेतलं असतं, तर आठच नावांचा का होईना, तो खरा अभ्यास झाला असता. एआयच्या पन्नास बायका कुठल्याच बाजारात बसत नाहीत. सर्वेक्षण न करता सर्वेक्षणाचे आकडे देणं म्हणजे शुद्ध बनाव. त्याला 'एआयची मदत' म्हणू नये.

या मुलीला एआयचा प्रामाणिक उपयोग नसता झाला का? भरपूर झाला असता. बाजारात जाण्याआधी प्रश्नावली कशी बांधावी, एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले नाहीत ना, हे तिने त्याला विचारावं. आठ जणींच्या उत्तरांचा तक्ता कसा मांडावा, आठांपैकी पाच म्हणजे टक्केवारी किती आणि एवढ्या लहान संख्येला टक्केवारी लावावी की नाही, हेही विचारावं. 'असंघटित क्षेत्र' ही संकल्पना वर्गात कळली नसेल तर तीनदा विचारावी. यंत्र वैतागत नाही. स्वतः लिहिलेला मजकूर देऊन 'यात कुठलं वाक्य समजत नाही?' असं विचारावं. फक्त ज्यांच्याशी बोललो त्या बायकांची नावं, फोन नंबर, घरातल्या गोष्टी त्यात टाकू नयेत. त्यांनी ते तुम्हाला सांगितलंय, कुठल्या कंपनीला नव्हे. समाजकार्य, नर्सिंग, मानसशास्त्र शिकणाऱ्यांनी तर हे कायमचं लक्षात ठेवावं.

दुसरं सांगणं यंत्राच्या स्वभावाबद्दल. हे एआय मुळात शब्दामागून शब्द जुळवतं. आधीच्या मजकुरापुढे काय शोभेल याचा अंदाज बांधतं. आता त्यातली काही इंटरनेटवर शोधूनही उत्तर देतात, पण जुळवण्याचा स्वभाव जात नाही. म्हणून ते खोटंही त्याच ठामपणे सांगतं. पुस्तकाचं नाव खरं वाटावं असं, लेखक ओळखीचा, प्रकाशन पुण्याचं, पानाचा क्रमांकसुद्धा. आणि असं पुस्तक जगात नसतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. फार लांब जायला नको. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने दिलेल्या गोष्टींवर आंधळेपणाने विसंबू नका, असं न्यायालयाने तेव्हा बजावलं. शिकलेसवरलेले अधिकारी फसतात, तिथे एफ. वाय.च्या मुलाने फार सावध असायला हवं.

तपासायला साधनं आहेत आणि ती फुकट आहेत. प्रबंध खरा आहे का, हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर दिसतं. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे काय मांडलं हे लिहायचं असेल, तर शासनाने प्रसिद्ध केलेलं त्यांचं समग्र वाङ्मय उघडा आणि निवेदनच वाचा. बाबासाहेबांच्या नावावर फिरणारं वाक्य वापरायचं असेल, तर त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत ते सापडतंय का बघा. नाही सापडलं तर वापरू नका. कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. त्यांच्या टेबलाशी एकदाही न गेलेली मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात.

तिसरं : विचारून वापरा आणि वापरलं तर लिहा. एका विषयाच्या सरांना एआय चालेल, दुसऱ्या मॅडमना अजिबात चालणार नाही. दोघंही बरोबर असू शकतात. इंग्रजी लेखनकौशल्याच्या तासाला वाक्यरचना हाच अभ्यास आहे, तिथे यंत्राने वाक्य सुधारलं तर शिकायचं काय उरलं? भूगोलाच्या नकाशाकामात तेच वाक्य सुधारलं तर फारसं बिघडत नाही. त्यामुळे असाइनमेंट मिळाली की त्याच दिवशी विचारा, 'सर, यात एआय चालेल का, आणि कुठपर्यंत?' मग शेवटच्या पानावर चार ओळी लिहा : 'या कामासाठी चॅटजीपीटी वापरलं. प्रश्नावलीच्या मसुद्यावर सूचना घेतल्या. त्यातल्या दोन स्वीकारल्या. शेवटी इंग्रजी व्याकरण तपासून घेतलं. मुलाखती, आकडे आणि निष्कर्ष माझे आहेत.' असं लिहायला लाज वाटण्याचं कारण नाही. आणि कच्चं लेखन फेकू नका. वहीतली टिपणं, खाडाखोड केलेला मसुदा, गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास हे सगळं निकाल लागेपर्यंत जपून ठेवा. उद्या कुणी बोट दाखवलं तर तेच तुमचे साक्षीदार.

टक्क्यांच्या हिशेबातला एक गैरसमजही इथेच काढून टाकतो. 'दहा टक्क्यांपर्यंत कॉपी चालते' असं होस्टेलवर सर्रास बोललं जातं. यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत, त्यांत इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित लेखन सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण हे विनियम पदव्युत्तर आणि संशोधनाच्या लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. त्यांचा नियम तुमचं कॉलेज आणि तुमचे शिक्षक ठरवतात. शिवाय ते टक्के शब्द जुळण्याचे आहेत. चोरीची परवानगी म्हणून ते दिलेले नाहीत. दुसऱ्याचा विचार शंभर टक्के स्वतःच्या शब्दांत लिहिला आणि त्याचं नाव टाळलं, तर साम्य शून्य येईल आणि चोरी पूर्ण असेल.

आता सहकाऱ्यांनो, थोडं आपल्याबद्दल. 'एआय डिटेक्टर'च्या आकड्यावर विसंबून कुणाला नापास करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच २०२३ च्या जानेवारीत एक डिटेक्टर काढला होता. त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्राच्या मजकुरातला फक्त २६ टक्के ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्यातला ९ टक्के यंत्राचा ठरवला. अचूकता कमी म्हणून जुलैत त्यांनी तो बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे, टोफेल या इंग्रजी परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध 'एआयने लिहिलेले' ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे माणसांचे म्हणून सुटले. कारण साधं आहे. हे डिटेक्टर शब्द किती अनपेक्षित आहेत ते मोजतात. परक्या भाषेत लिहिणारा माणूस मोजके, ओळखीचे शब्द आणि सरळ वाक्यं वापरतो, आणि तेच त्यांना यंत्रासारखं दिसतं. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून बी. कॉम.ला इंग्रजीत उत्तरं लिहिणारी आपली मुलगी नेमकी असंच लिहिते. मान मोडून लिहिलेल्या तिच्या पहिल्या इंग्रजी निबंधावर आपण 'एआय ८२ टक्के' असा शिक्का मारला, तर ती पुढचा निबंध खरोखरच एआयकडून लिहून घेईल. तिने दुसरं काय करावं?

मग करायचं काय? प्रत्येक असाइनमेंटच्या कागदावरच दोन ओळी छापा : एआय कुठे चालेल, कुठे नाही. काम एकदम शेवटी न मागता टप्प्याने मागा; आधी विषय आणि तीन प्रश्न, मग टिपणं, मग मसुदा. प्रश्न गावाशी बांधा. 'ग्रामपंचायतीची कार्ये लिहा' म्हटलं की तीच चार पानं येणार. 'तुमच्या ग्रामपंचायतीच्या मागच्या ग्रामसभेत कुठले विषय होते, किती लोक आले आणि कुठल्या विषयावर वाद झाला' असं म्हटलं की मुलाला उठून जावं लागतं. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात प्रत्येकाची तोंडी घेणं कुणालाच जमणारं नाही, त्यातून बरेच सहकारी तासिका तत्त्वावर, एका दिवसात दोन कॉलेजं करणारे. पण चिठ्ठी टाकून दहा मुलांना पाच-पाच मिनिटं बोलावता येतं. आपला नंबर लागू शकतो, हे कळलं तरी बाकीची मुलं आपलं काम एकदा वाचून येतात. आणि आपणही प्रश्नपत्रिका किंवा नोट्स एआयकडून काढल्या असतील तर वर्गात सांगावं. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय मुलं फार लवकर ओळखतात.

शंका आली तर आधी मुलाला एकटं बसवून विचारा. बरीच मुलं त्या पहिल्या पाच मिनिटांतच खरं सांगतात, आणि त्यामागचं कारणही सांगतात. कारणं ओळखीची असतात. सकाळी कॉलेज, दुपारी मोबाईलच्या दुकानात नोकरी, रात्री शेवटची एस. टी. सहा विषयांची सबमिशन एकाच आठवड्यात. इंग्रजीतलं धड्याचं पहिलं पानच न कळणं आणि ते विचारायची वर्गात भीती. घरातलं आजारपण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं, ते काम करणारा मुलगाही शिकू शकतो या विश्वासावर. त्या विश्वासाला आजच्या काळात वेळापत्रक लागतं. सगळ्या विषयांच्या शेवटच्या तारखा एका कागदावर आणून आठवड्या-आठवड्याने वाटून देणं, कारण सांगून आधी मागितलेली चार दिवसांची मुदत देणं, मेंटॉर म्हणून दिलेल्या मुलांना नॅक मूल्यांकनाच्या फाईलपुरतं न भेटता खरंच भेटणं, यातलं बरंचसं विनाखर्च होतं.

सरसकट बंदी घालतानाही थांबून विचार करा. स्क्रीन रीडर, बोलून लिहिणारं सॉफ्टवेअर ही दृष्टिहीन किंवा हात न चालणाऱ्या विद्यार्थ्याची रोजची साधनं आहेत. लेखनिक आणि परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटांचा जादा वेळ यांची तरतूद त्यांच्यासाठी आहेच. घरच्या कामातली त्यांची साधनं 'एआय बंद' या एका ओळीने हिरावून घेऊ नका.

मुलांनो, चुकीचा आळ आला तर घाबरून गप्प बसू नका आणि आरडाओरडाही करू नका. मसुदे, टिपणं घेऊन आधी विषयाच्या शिक्षकांना भेटा, 'माझी तोंडी घ्या' म्हणा. नाही ऐकलं तर लेखी तक्रार करा. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, आणि मूल्यमापनातला अन्याय तिच्या कक्षेत येतो. समितीने शक्यतो कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. आणि या सगळ्याने, किंवा नुसत्या अभ्यासाच्या ताणाने, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. एखादी असाइनमेंट बुडाली, एटीकेटी लागली तर पुढच्या सत्रात सुटते.

आईवडिलांनो, तुमच्याकडे मागणं लहान आहे. प्रोजेक्ट विकत आणायला पैसे देऊ नका आणि कौतुकाने स्वतः करूनही देऊ नका. 'किती मार्क पडले?' विचाराल तेव्हा 'काय लिहिलंस, मला सांग बरं' हेही विचारा. तुम्ही चौथी शिकला असाल तरी चालेल. उलट अधिक चांगलं. तुम्हाला समजेल असं सांगायला मुलाला आधी स्वतःला समजावं लागेल. बाजार, शेत, दुकान, कारखाना यांतलं तुमचं ज्ञान त्यांच्या अभ्यासक्रमाला हवं आहे. ते द्या.

शेवटी रोखठोक. शेजाऱ्याने सूर्यनमस्कार घातले म्हणून आपली पाठ सरळ होत नाही. पदवीनंतर मुलाखतीला, स्पर्धा परीक्षेच्या हॉलमध्ये फोन बाहेर ठेवायला सांगतात, दवाखान्यात रुग्णासमोर, कोर्टात न्यायाधीशांसमोर तो काढून बघत बसता येत नाही, आणि तिथे जे डोक्यात असेल तेवढंच कामी येतं. म्हणून या सत्रापासून एवढं करा. असाइनमेंट मिळेल त्याच दिवशी एआयबद्दल विचारा. अडलं तर शेवटच्या रात्रीची वाट न बघता माणसाकडे जा. जी मदत घ्याल ती लिहा. आणि जमा करण्याआधी पाच मिनिटं कागद बाजूला ठेवून बोलून बघा. बोलता आलं तर बिनधास्त सही करा. नाही आलं तर अर्धीच पण स्वतःची असाइनमेंट द्या आणि सरांना स्पष्ट सांगा, 'मला एवढंच जमलं, पुढचं शिकवा.' असं सांगणाऱ्या मुलाला शिकवणं हेच आमचं काम आहे.